शिवडीहून उत्तर

पत्र आलं ऐन मार्चअखेरच्या गडबडीत.
गावाचं नाव मार्लकोट.
आधी वाटलं, अक्कलकोटच्या अलीकडचं असेल,
मग तिकिटावरची राणी दिसली.

हिल्डा प्रॉक्टर, वय एकोणऐंशी,
गावाचा इतिहास लिहितायत.
दगडी पुलाचा, पाणचक्कीचा,
चर्चच्या आवारातल्या म्हाताऱ्या झाडाचा,
ज्याचा घेर गावकरी दर दहा वर्षांनी
टेप धरून मोजतात.
सगळं जुळलंय, एक माणूस कमी पडतोय:
वॉल्टर पिम, पाववाल्याचा मुलगा,
परळच्या वर्कशॉपात फिटर,
एकोणीसशे चार, ताप.
आपल्याकडे असल्यास कळवावे.

आपल्याकडे असणारच.
आपल्याकडून कुठे जाणार?

रजिस्टर काढलं. वाळवीने एप्रिल खाल्ला होता,
मे अर्धा.
जूनमध्ये पिम सापडला, वय सव्वीस, ओळ एकोणीस,
आणि कारकुनाची सही: पाटकर.
माझ्याच खुर्चीतला कुणी.
पिमचा पहिला पी त्याने पतंगासारखा काढलाय,
शेपटीसकट.
त्या दिवशी तो कंटाळलेला नसावा.

पास्कू डाबरेला बरोबर घेतलं.
त्याला मेलेली माणसं पत्त्यानिशी पाठ.
म्हणाला, एकोणीस तीनदा भरली, साहेब.
पिमवर डिसोझा, डिसोझावर मेंडोन्सा,
खाली चाळच आहे.
आणि दगड?
पास्कू नाक खाजवत राहिला.

दगड नळाखाली होता, पालथा.
माळ्याची सगुणा बावीस वर्षं
त्यावर गोधड्या आपटत होती.
चौघांनी पहार घालून उलटला.
खाली गोम, दोन गांडुळं, गार माती
आणि अक्षरं, काल कोरल्यासारखी.
कुणी वाचलीच नव्हती, तर झिजतील कशी?
वॉल्टर पिम, मार्लकोटचा.
पुढचा कोपरा तुटलेला.

सगुणाने विचारलं, कोण हाय?
पाववाल्याचा मुलगा.
आय होती का त्याला?
पत्रात नव्हतं.
ती ओल्या हातांनी उभी राहिली थोडा वेळ,
मग म्हणाली, ते खरं,
पण आता मी धुवू कुठं?

रात्री उत्तर लिहायला बसलो.
बाईंनी शेवटी विचारलं होतं, रीतीप्रमाणे,
तुमच्या भागात जुनं काय काय आहे?
मी राहतो पोयबावडीला.
बावडी मी पाहिलेली नाही, वडिलांनीही नाही.
ते घराचा पत्ता सांगायचे,
घोड्यांच्या हौदापासून डावीकडे.
घोडे गेले, मग हौद गेला,
तिथे आता मोबाइलच्या काचा बदलून मिळतात.
परवा नातीला शाळेतून आणताना
मी बोलून गेलो, चल, हौद आला, वळ.
आणि ती वळली.
तिने विचारलंही नाही, कुठला हौद.

हे इंग्रजीत बसेना.
दोन कागद फाडले.
तिसऱ्यावर ऑफिसच्या भाषेत लिहिलं:

आपले दिनांक चौदाचे पत्र पोचले.
श्री. पिम यांची नोंद आहे, जागा आहे,
शेजार चांगला आहे.
दगड सापडला. अक्षरे शाबूत.
दगड सध्या वापरात आहे.
धुणारीण तुटलेल्या कोपऱ्याकडे बसते,
नावावर साबण लावत नाही.
त्यांच्या आईचे नाव माहीत असल्यास
उलटटपाली कळवावे,
आमच्याकडे चौकशी झाली आहे.

ता.क. नळाजवळ एक भेंडीचं झाड आहे.
आज ऑफिसचा टेप नेऊन मोजलं.
दुसरं टोक पास्कूने धरलं होतं.
घेर सात फूट दोन इंच.
आधीची नोंद नाही.